बिनमाइकचा कॅमेरा

जयसिंगपूरच्या चित्रछंद मंडळात नियम एकच होता, आणि तो दिलावर मुजावरनं केलेला असल्यामुळे मोडायची कुणाची छाती नव्हती. कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं नाही. मंडळाचे सभासद अकरा. कुणी दातांचे डॉक्टर, कुणी विमा एजंट, एक रोपवाटिकावाल्या बाई. आपल्याकडे जरा बरी लेन्स असती तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो, अशी अकराही जणांची खात्री. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी दिलावरच्या फ्लेक्सच्या दुकानामागच्या खोलीत जमायची, अर्धा तास एकमेकांच्या फिल्म बघायची आणि पुढचे तीन तास कॅमेऱ्यांवरून भांडायची. दिलावरचं पालुपद ठरलेलं. "चित्र हललं तर लोक चालवून घेतात रे. आवाज गेला की उठून घरी जातात. लेन्स कसल्या घेताय, आधी माइक घ्या."

नेमिनाथ मगदूम नियम पाळायचा. हेडफोन लावायचा, डोळे बारीक करायचा, मान डोलवायचा. त्यातून त्याला नेमकं काय ऐकू येतंय हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

नेमिनाथनं बत्तीस वर्षं सूतगिरणीत काढली होती, सूत कातणाऱ्या रिंगफ्रेम यंत्रांच्या खात्यात, मेंटेनन्सला. कानात बोळे घाला असा फलक भिंतीवर होता. पण बोळे घातले तर कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते कळणार कसं? शंभर यंत्रांच्या गदारोळातून आजारी यंत्र नुसत्या कानानं हुडकणारा माणूस म्हणून त्याचं गिरणीत नाव होतं, आणि त्या नावापायी त्यानं कान घालवले. एकसष्टाव्या वर्षी त्याला आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. बोलण्यातली स, त, ख, फ असली बारीक अक्षरं वरच्या पट्टीत असतात, आणि गोंगाटानं आधी नेमकं तेच ऐकू येणं मरतं. उरतो तो नुसता लगदा. मग माणूस समोरच्याचे ओठ बघतो, अंदाज बांधतो आणि सगळे हसले की हसतो.

बायको, त्रिशला, चार वर्षं मागे लागली होती. "अहो, एकदा तपासून तरी घ्या."

"माझे कान ठणठणीत आहेत. तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात बोलता."

चष्म्याची त्याला कधी लाज वाटली नाही. कवळी बसवली तेव्हा मंडळात सगळ्यांना काढून दाखवली. कानाचं यंत्र म्हटलं की मात्र तो विषय बदलायचा. गिरणीत ज्याच्या कानाची शपथ घ्यायचे तो मगदूम बहिरा झाला, असं लोकांनी म्हणण्यापेक्षा चारचौघांत अंदाजानं हसलेलं बरं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

परिणाम व्हायचा तो फिल्मवर. कृष्णाकाठच्या वांग्यांवरची त्याची फिल्म मंडळात लावली तेव्हा वीस मिनिटं नुसता वारा घोंघावत होता आणि वारा जरा थांबला की ट्रॅक्टर. "वांगी छान दिसली," एवढं दातांचे डॉक्टर म्हणाले. दिलावर काहीच म्हणाला नाही, आणि ते जास्त लागलं.

म्हणून बिनमाइकचा कॅमेरा बाजारात आल्याची बातमी वाचली त्या दिवशी नेमिनाथला वाटलं, हा आपल्यासाठीच काढलाय.

गोष्ट तशी नवी नव्हती. आपण बोललो की हवा थरथरते, आणि ती हवा जिच्यावर आपटते ती वस्तूही थरथरते. वेफर्सचं पाकीट, झाडाचं पान, पेल्यातलं पाणी. ही थरथर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी, डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण कॅमेऱ्याला ती टिपता येते, आणि थरथर मोजता आली की उलटं गणित मांडून मूळचा आवाज परत काढता येतो, हे पंचवीस वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत दाखवून झालं होतं. घोडं अडलं होतं ते वेगापाशी. साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं काढतो. बोलणं पकडायचं तर त्याच सेकंदात हजारो नोंदी लागतात. नव्या कॅमेऱ्यानं ही अडचण वेगळ्याच वाटेनं सोडवली होती. तो अख्खं चित्र एकदम काढतच नसे. त्याच्या पडद्यावरचा एकेक ठिपका स्वतंत्रपणे जागा असायचा आणि आपल्यापुरता उजेड जरासा जरी बदलला तरी तेवढीच नोंद करायचा, सेकंदाला चाळीस हजार वेळा. त्या नोंदींतून चित्रही तयार व्हायचं आणि आवाजही. वस्तू जितकी हलकी आणि ताणलेली, तितका आवाज स्वच्छ. दगडी पाट्यावरून काही मिळायचं नाही. ताणून बांधलेलं पातळ कापड मात्र कानाच्या पडद्यासारखंच काम करायचं.

"माइक नाही, वायर नाही, वाऱ्याची कटकट नाही," नेमिनाथनं मंडळात जाहीर केलं. "आवाज तोच काढतो, तोच साफ करतो. आपण ऐकत बसायला नको." दोन महिने तुलना वाचून, कॅमेरा स्थिर धरायचा जुना गिंबल आणि दोन लेन्स विकून त्यानं तो घेतला.

मंडळात प्रात्यक्षिक झालं. दातांचे डॉक्टर रस्त्यापलीकडे जाऊन कण्हेरीच्या झाडाशी काहीतरी पुटपुटले. नेमिनाथनं बंद खिडकीतून त्या झाडाच्या पानांवर कॅमेरा धरला. दोन मिनिटांत खोलीभर डॉक्टरांचा आवाज घुमला. ते दिलावरच्या चहाला नावं ठेवत होते. सगळे खो खो हसले. नेमिनाथही हसला, जरासा मागून.

दिलावर हसला नाही. "नेमू, हे वाटतं तेवढं साधं नाही. आपण आजवर हंड्या-कळशांचे, पानाफुलांचे शॉट मुके धरून चाललो. हा काही मुकं ठेवत नाही. यानं काय काय ऐकलंय ते आधी तू ऐकत जा. हेडफोन लावून."

"हो तर," नेमिनाथ म्हणाला. त्याला हेडफोन तेवढं कळलं होतं. दिलावरचं नेहमीचंच असणार.

दिलावरला जे वाटलं ते सरकारलाही वाटलं होतं. हे कॅमेरे आले त्या पहिल्याच वर्षी दोन-तीन संसार मोडले, एका नगराध्यक्षाची खुर्ची गेली, आणि मग नियम झाला. वस्तूंवरून काढलेल्या आवाजात माणसाचं बोलणं असेल तर फिल्म करणाऱ्यानं तो तुकडा स्वतः ऐकायचा, आणि ऐकल्याची खूण केल्याशिवाय फिल्म पूर्ण होणार नाही. यंत्रानं शब्द लिहून दिलेले चालणार नाहीत, माणसाचाच कान हवा. संपादनाच्या पडद्यावर त्यासाठी एक हिरवं बटण दिलेलं असे. त्यावर लिहिलेलं होतं, 'ऐकलं'.

त्याच वर्षी अक्काला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. अक्का म्हणजे सुलोचना, नेमिनाथची थोरली बहीण, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा नेमूचा शेंबूड पुसण्यापासून त्याला डिप्लोमाला घालण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून ती निवृत्त झाली. ताठ कण्याची बाई. व्हरांड्यात तिच्या चपलांचा आवाज आला की वर्ग आपोआप गप्प व्हायचे. माजी विद्यार्थिनींनी मोठा हॉल घेऊन अमृतमहोत्सव ठरवला, आणि फिल्म अर्थातच नेमूमामानं करायची.

चार दिवस अक्काच्या घरी शूटिंग चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला तांब्याच्या हंड्याचा शॉट हवा होता. जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, आणि अक्काच्या घरात तर त्या बाबतीत कुणाची गय नव्हती. हंड्याच्या तोंडावर पांढरं कापड ताणून बांधलेलं, नुकतंच पाणी गाळून झाल्यामुळे ओलं, आणि खिडकीतून त्याच्यावर तिरका उजेड. अक्काचं सगळं आयुष्य या एका शॉटमध्ये येतंय असं नेमिनाथला वाटलं. तिवई लावून त्यानं लेन्स कापडाच्या अगदी जवळ नेली.

पलीकडे पोळपाटाशी तिघी होत्या. अक्का, तिची सून सुवर्णा आणि त्रिशला. अक्का काही सांगत होती. सुवर्णानं तिच्या हाताला हात लावून डोळ्यांनीच नेमिनाथकडे खूण केली. ते त्याला दिसलं. बायकांचं काहीतरी असेल, आपली अडचण होतेय, एवढं त्याला उमजलं.

"बोल गं, अक्का," तो म्हणाला. "मी नुसतं हंड्याचं घेतोय. आवाज नाही त्याला."

ही पस्तीस वर्षांची सवय बोलत होती. पहिला कॅसेटचा हँडीकॅम घेतल्यापासून असले शॉट तो मुकेच घेत आला होता. नंतर त्यांवर सनई-बासरी काहीतरी घालायची. कॅमेरा बिनमाइकचा आहे हे त्याच्या डोक्यात होतं; बिनमाइकचा असूनही तो ऐकतो, हे त्या घडीला डोक्यात नव्हतं. मागे हळू आवाजात बोलणं सुरू झालं. नेमिनाथ कापडावरचा उजेड बघत राहिला.

फिल्म बावीस मिनिटांची झाली. संगीत घातलं. बोलणं आलं की संगीत आपोआप खाली जावं अशी सोय होती, तीही त्यानं चालू केली. शेवटी पडद्यावर यादी आली, बोलणं असलेले एकेचाळीस तुकडे, प्रत्येकापुढे हिरवं बटण. त्यानं पहिला तुकडा लावला. लगदा. आवाज वाढवला. मोठा लगदा. त्रिशला शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. हाक मारून 'जरा ऐकून सांग' एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही. पण मग ती म्हणाली असती, 'तुम्हाला नाही येत ऐकू?' त्यानं पहिलं बटण दाबलं. मग दुसरं. मग भराभर सगळी.

कार्यक्रमाला चारशे माणसं आली. अक्का स्टेजवर उंच पाठीच्या खुर्चीत, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. दिलावर मागे साउंडच्या टेबलाशी. नेमिनाथ पहिल्या रांगेत त्रिशलाशेजारी बसला होता, इस्त्रीचा झब्बा घालून, आणि लोकांनी पडद्याकडे बघावं तसा लोकांकडे बघत होता. फिल्म रंगली होती. अकराव्या मिनिटाला हंडा आला. पडदाभर ओलं पांढरं कापड आणि त्यावर सरकणारा उजेड. मागे कुणीतरी दाद दिल्यासारखं हललं.

मग संगीत खाली गेलं. कुणाचा तरी आवाज लागल्याचं नेमिनाथला कळलं. विद्यार्थिनींचं मनोगत जरा लवकर सुरू झालं वाटतं, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. शॉट झकास आला होता. त्यानं मागे वळून दिलावरला अंगठा दाखवला.

दिलावर उभा राहिला होता. लांबून त्याचा चेहरा नेमिनाथला वाचता येईना. मग त्याला जवळचे चेहरे दिसले. दुसऱ्या रांगेतल्या बायका मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. कुणी तोंडाला पदर लावला होता. एक लहान मुलगी हसली, तर तिच्या आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. नेमिनाथच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं आणि ते आता काढावं की ठेवावं हे त्याला कळेना. दिलावरनं वायर उपसली. पडद्यावर हंडा तेवढा दिसत राहिला.

"काय झालं?" त्यानं त्रिशलाला विचारलं. बरंच मोठ्यानं विचारलं असणार, कारण सगळा हॉल त्याच्याकडे बघायला लागला.

त्रिशलानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द तोडून सांगितलं. हॉलभर वाजला होता तो अक्काचा आवाज होता. स्वयंपाकघरात, पोळपाटाशी, ती सुनेला म्हणत होती, "मला दोन तास स्टेजवर नका गं बसवू. मला कळतच नाही, साडी ओली होऊन जाते. परवा मंदिरात प्रवचनाला झालं. सगळे उठून जाईपर्यंत मी तशीच बसून राहिले. ते बांधायचं मिळतं ना, ते आणून दे मला. सन्मतीला सांगू नको."

सन्मती, तिचा मुलगा, स्टेजच्या कडेला हार घेऊन उभा होता.

निवेदिकेनं घाईघाईनं जेवणाची सूचना केली. लोक उठले आणि खाली माना घालून निघाले. अक्का उठली नाही. ती उठली असती तर ज्यानं त्यानं आधी खुर्चीकडे बघितलं असतं, आणि ते तिला कळत होतं. हॉल रिकामा होईपर्यंत ती ताठ बसून राहिली, मांडीवरचा नारळ दोन्ही हातांनी धरून. सुवर्णा तिच्या मागे उभी होती. नेमिनाथ खाली पायऱ्यांशी उभा होता. वर जायची त्याची हिंमत झाली नाही.

नातेवाइकांनी एकमुखानं यंत्राला शिव्या घातल्या. असले कॅमेरे विकायलाच बंदी पाहिजे, माणसाला घरात बोलायची चोरी झाली, वगैरे. नेमिनाथनं शिव्या घातल्या नाहीत, पण घालणाऱ्यांना थांबवलंही नाही. आपल्यावर येणारा दोष परस्पर दुसरीकडे चाललाय हे बघून त्याला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची त्याला किळसही येत होती.

अक्का घराबाहेर पडायची बंद झाली. मंदिर बंद, सकाळचं फिरणं बंद. भेटायला येणाऱ्या विद्यार्थिनींना सुवर्णा दारातूनच परत पाठवायची. सन्मतीनं वकील गाठून कंपनीला नोटीस दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं ते घेऊन तो मामाच्या घरी आला आणि समोर बसला.

"मामा, कंपनी म्हणते, तो तुकडा तुम्ही ऐकलाय. खूण केलीय. वेळेसकट पाठवलंय त्यांनी. एकेचाळीस तुकडे, एक मिनिट नऊ सेकंदांत. तुम्ही ऐकलं होतं का?"

ऐकलं म्हणावं, तर बहिणीची अब्रू जाणूनबुजून चव्हाट्यावर मांडली असं झालं. नाही म्हणावं, तर खूण खोटी, आणि ती खोटी का, हा पुढचा प्रश्न तयारच.

"घाईत दाबलं गेलं रे," नेमिनाथ म्हणाला. "कार्यक्रम तोंडावर आला होता."

"घाईत," सन्मती म्हणाला आणि उठून गेला. चहा तसाच राहिला.

त्रिशला कप उचलायला आली. उचलला नाही. त्याच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाली, "आज तरी खरं सांगाल असं वाटलं होतं. मीही तिथं होते. तुम्ही आवाज नाही म्हणालात, म्हणून मीही गप्प बसले. तुमचं यंत्र ऐकतं हे मला ठाऊक होतं की, तुम्हीच दहा वेळा सांगितलं होतंत. माझ्याही लक्षात आलं नाही. मला अक्कांच्या घरी पाऊल टाकायची लाज वाटते. तुम्हाला नाही वाटत?"

वाटत होती. इतकी, की नेमिनाथ गेले तीन आठवडे अक्काची गल्ली टाळून बाजारात जात होता.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच सांगलीला गेला. कान तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर धरला. रेघ थोडी सरळ चालत होती आणि मग एकदम खाली कोसळत होती. "किती वर्षं झाली असं व्हायला लागून?" बाईंनी विचारलं.

"दहा तरी," तो म्हणाला. हे त्यानं आजवर कुणापुढे कबूल केलं नव्हतं, आणि ते एका अनोळखी बाईपुढे इतकं सहज निघालं याचं त्यालाच नवल वाटलं.

यंत्रं कानात बसली. बाईंनी पावती घडी केली तर कागद कडकडला. एसटीत मागच्या सीटवरच्या दोघी कुणाच्या तरी जावयाबद्दल बोलत होत्या, आणि त्याला जावयाच्या गाडीचा रंगसुद्धा कळला. पुढे ऐकणं बरं नव्हे म्हणून त्यानं खिडकीची काच उघडली, तर वाराही बारीक शिट्टी घालत होता.

घरी आल्यावर त्यानं दार लावून घेतलं आणि तो तुकडा लावला. सुरुवातीला सुवर्णाच्या बांगड्या वाजल्या. मग एक माणूस बोलला, बहिरे बोलतात तसा मोठ्या, खणखणीत आवाजात. "बोल गं, अक्का. मी नुसतं हंड्याचं घेतोय. आवाज नाही त्याला."

म्हणजे हेही हॉलमध्ये वाजलं होतं. चारशे माणसांनी आधी त्याची हमी ऐकली होती आणि मग अक्काचं बोलणं. सन्मतीनं ऐकली होती. अक्कानं, खुर्चीत बसून, ऐकली होती. आणि त्यावर त्यानं अंगठा दाखवला होता. यंत्रं काढून ठेवावीत असं वाटलं, पण त्यानं ती काढली नाहीत. पुढचंही ऐकलं. अक्काचा आवाज किती मऊ होता. त्याच्याशी ती नेहमी ओरडून बोलायची. म्हातारपणी तापट झाली असं तो लोकांना सांगायचा.

सकाळी दहाला तो अक्काच्या घरी गेला. ती बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर जाड चादरीची घडी घालून बसली होती. वाळलेली दिसत होती.

"ये. बस. चहा टाकायला सांगू?" ती नेहमीसारखी मोठ्यानं म्हणाली, आणि त्याच्या कानात कळ गेली.

"हळू बोल, अक्का. ऐकू येतं." त्यानं मान वळवून कान दाखवला.

अक्कानं निरखून बघितलं. "कधी बसवलंस?" तिनं विचारलं, हळू आवाजात.

"काल." मग त्यानं थांबायच्या आत सगळं सांगून टाकलं. "ते यंत्रानं नाही केलं, मी केलं. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं आणि ऐकलं म्हणून मी खूण केली. त्रिशलाला विचारायची लाज वाटली."

"तुला ऐकू येत नाही हे मला आठ वर्षं ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "छत्तीस वर्षं वर्गात काढली मी, नेमू. जिला ऐकू येत नाही ती पोरगी सगळ्यांच्या मागून हसते. तू तसाच हसायला लागलास."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास. मी कशाला उघडं करू?"

अक्का खिडकीकडे बघत होती. "त्या दिवशी सुवर्णा नको म्हणत होती, तुझ्यासमोर. मी म्हटलं, याला कुठं ऐकू जातंय. आणि तू वर म्हणालास, आवाज नाही. मग बोलले."

त्याला वाटत होतं, हिनं ओरडावं, लहानपणी द्यायची तशी एक द्यावी. ती काहीच करत नव्हती. माफ कर असं म्हणायला त्याचं तोंड उघडेना, आणि तिनंही माफ केलं असं म्हटलं नाही.

"सन्मतीला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"नाही."

"तो त्या कंपनीच्या मागे लागलाय उगाच."

तेवढ्यात फाटक वाजलं. सन्मती आत आला, त्याच्याबरोबर शाळेच्या संस्थेतले दोघं जण. त्या दिवशी द्यायचं राहून गेलेलं मानपत्र घेऊन आले होते. सुवर्णाला त्यांना अडवता आलं नाही. ते समोरच्या बाकावर टेकले, मानपत्र मांडीवर धरून. अक्का एकदम ताठ झाली. तिचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला होता.

"मामा, बरं झालं भेटलात," सन्मती म्हणाला. "वकील म्हणतो, कंपनीवर केस होते. तुम्ही फक्त लिहून द्या, की यंत्रानं नीट विचारलंच नाही."

"विचारलं होतं," नेमिनाथ म्हणाला. आवाज मोठा झाला हे त्याला आता कळलं, म्हणून त्यानं तो खाली आणला. "एकेचाळीस वेळा विचारलं होतं. मला ऐकू येत नाही, सन्मती. दहा वर्षं झाली. लोकांना कळू नये म्हणून मी न ऐकताच खूण केली. घाईबिई काही नव्हती, मी खोटं बोललो. तुझ्या आईची शोभा झाली ती माझ्यामुळे."

सन्मती, सुवर्णा, संस्थेचे दोघं, सगळे नेमिनाथकडे बघत होते, त्याच्या तोंडाकडे आणि मग त्याच्या कानांकडे. त्याचे कान तापले. खाली बघावंसं वाटत होतं, पण तो तसाच उभा राहिला.

आणि त्या शांततेत त्याला अक्काचा आवाज आला. ओठ न हलवता, शेजारच्यालासुद्धा कळणार नाही इतक्या हळू ती म्हणाली होती.

"नेमू. मला उठव, आणि माझ्या मागून चल."

दुसऱ्या कुणीच मान वळवली नाही. नेमिनाथ दोन पावलं पुढे गेला, त्यानं हात पुढे केला आणि अक्कानं तो धरला. ती उभी राहिली तसा तो तिच्या आणि खोलीच्या मध्ये आला. ती पुढे, तो अगदी तिच्या पाठीशी, असे दोघं सावकाश आतल्या खोलीकडे गेले.